औषधांच्या चिठ्ठ्यांची पीडीएफ घरच्या घरी

गेल्या पावसाळ्यात इयत्ता दहावीतील एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर मजकडे आला. त्याच्या वडिलांच्या औषधोपचाराचा खर्च विमा कंपनीकडून मिळावयाचा होता व त्याकरिता डॉक्टरांच्या सात चिठ्ठ्या एकाच पीडीएफमध्ये मागितल्या होत्या. मुलाने चिठ्ठ्यांचे फोटो झेरॉक्सच्या एका दुकानात व्हॉट्सॲपवर पाठविले व पैसे देऊन काम करून घेतले. काम चोख झाले. परंतु आठ दिवसांच्या आत वडिलांच्या आजाराची वार्ता गल्लीभर झाली. ती दुकानातूनच फुटली, असे सिद्ध करता येत नाही. मुलास मात्र वडिलांच्या तोंडाकडे पाहवेना. "सर, हे घरी करता आले असते का?" एवढेच त्याने विचारले.

करता आले असते. चिठ्ठीवर पुष्कळदा रोगाचे नावच नसते, असे कोणी म्हणेल. पण औषधाचे असते. मेटफॉर्मिन दिसले की बहुधा मधुमेह, रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड एकत्र दिसली की बहुधा क्षय, हे कोणताही औषधविक्रेता ओळखील. डॉक्टरांचे अक्षर हेच मोठे कुलूप, असा विनोद आमच्या शिक्षकवर्गात चालतो. परंतु ते कुलूप औषधविक्रेते रोज उघडीत असतात!

पीडीएफ ही पद्धती अडोबी कंपनीने 1993 साली प्रचारात आणली. 2008 मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली, तेव्हापासून तीवर कोणा एका कंपनीची मिरासदारी उरली नाही. फोटोची पीडीएफ करणे म्हणजे तसबीर चौकटीत बसविण्यासारखेच होय. साधा फोनदेखील हे क्षणात करतो. फुकट पीडीएफ करून देणारी बहुतेक संकेतस्थळे मात्र आपला फोटो प्रथम स्वतःच्या संगणकावर नेतात. तो आम्ही काही तासांत पुसून टाकतो, असे कित्येक सांगतात. पण ते पाहावयास आपण कसे जाणार?

विंडोज 10 किंवा त्यापुढील संगणकावर सातही फोटो एकदम निवडून 'प्रिंट' म्हणावे व छपाईयंत्राच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडावे. आयफोनच्या 'नोट्स'मध्ये कागद स्कॅन करण्याची सोय आहे. अँड्रॉइड फोनवरही 'प्रिंट'मधून 'सेव्ह ॲज पीडीएफ' हा मार्ग मिळतो. गूगल ड्राइव्हचे स्कॅन सुबक होते खरे, परंतु ती प्रत आपल्या गूगल खात्यात, म्हणजे गूगलच्या संगणकावर, जाऊन बसते.

एखादे ॲप विश्वासू आहे की नाही, हे अजमाविण्यास इंटरनेट बंद करून पाहावे. काम अडून बसले, तर ते बाहेरच्या संगणकावर होत असावे. काम झाले, तरी नंतर इंटरनेट सुरू होताच प्रत बाहेर जाणारच नाही, अशी खात्री यावरून मिळत नाही. म्हणून मी फोनच्या स्वतःच्या सोयींनाच पसंती देतो. फोटोंची आपोआप होणारी साठवणही त्या वेळेपुरती बंद ठेवावी.

आणखी एक चूक पुष्कळांच्या हातून होते. नको असलेला मजकूर, उदाहरणार्थ मोबाईल क्रमांक, ते पीडीएफवर काळा चौकोन काढून झाकतात. तो चौकोन कित्येकदा वरवर ठेवलेला पडदाच असतो व दुसऱ्यास तो उचलता येतो. त्यापेक्षा फोटो घेण्यापूर्वीच तेथे कागदाची जाड पट्टी ठेवावी. मात्र रुग्णाचे नाव, तारीख, औषध व डॉक्टरांची सही झाकू नये. नाहीतर विमा कंपनी कागद परत पाठवील. काम आटोपल्यावर फोटो पुसावेत, आणि 'नुकतेच पुसलेले' या कप्प्यातूनही काढावेत. आयफोनमध्ये ते तेथे 30 दिवसांपर्यंत राहू शकतात.

त्या मुलाने दुकानात जाऊन जुने फोटो पुसून घेतले. पुढील चिठ्ठ्यांचे काम त्याने घरीच, खिडकीपाशी टेबल ओढून केले. एकेक कागद सरळ करून वडीलच त्याच्यापुढे ठेवीत होते.