मिरचीला लाड नकोत, लक्ष हवं

रेडिओवरून मिरचीबद्दल बोलण्यात एक सोय आहे. कोणाला ठसका लागत नाही. मी कविता लिहितो, पण खडकवासल्यात मला कवी म्हणून ओळखणाऱ्यांपेक्षा मिरचीचं रोप मागायला येणारेच अधिक. रोप नेतात आणि दीड-दोन महिन्यांनी परत येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो, ‘पानं गोळा झालीत, कुठलं औषध मारू?’

या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर बोलतो. कुंडीत मिरची लावलेली नाही असं घर आता विरळा. पण तीच मिरची वर्षभर टिकलेली घरं त्याहून विरळा. आपण मिरचीला हंगामी पीक समजतो, शेतात ती तशीच घेतली जाते. प्रत्यक्षात मिरची हे झुडूप आहे. थंडी फार कडक नसेल तर ते कुंडीत दोन-तीन वर्षं आरामात जगतं आणि फळतं. त्यासाठी खतांची पोती लागत नाहीत. ऋतू बदलला की आपली वागणूक बदलावी लागते, एवढंच.

तिचा स्वभाव कळायला तिचं माहेर ठाऊक असलेलं बरं. मिरची मुळात आपली नव्हे. ती मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेची. १४९२ मध्ये कोलंबस निघाला होता मिऱ्यांच्या देशाकडे. मिरी राहिली बाजूला, हाती लागली मिरची. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला आली. तोपर्यंत आपला स्वयंपाक तिखट व्हायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्यानं. पाहुणीला आपण नाव दिलं तेही मिऱ्यावरूनच. आणि आज? ‘तिखट’ या विशेषणाचं आपण नाम करून टाकलं, ‘भाजीत दोन चमचे तिखट घाल’ म्हणतो आणि समोरच्याला मिरचीपूडच कळते. नंदुरबारला लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. विदर्भातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मीठ-मोहऱ्यांबरोबर मिरची नसेल तर दृष्ट उतरत नाही. आमच्या घरात अम्मी नजर उतरवायची तीही सुक्या लाल मिरच्या ओवाळूनच. बाहेरून आलेलं किती आपलं होऊ शकतं, याचं याहून रोजचं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण माहेरच्या सवयी तिनं सोडलेल्या नाहीत. तिला ऊब हवी, भरपूर ऊन हवं आणि मुळाशी साचलेलं पाणी मुळीच नको. या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचं सगळं सोपं होतं.

आपल्याकडे मिरचीचं वर्ष मे महिन्यात सुरू होतं. कुंडी निदान बारा इंच रुंद आणि तितकीच खोल घ्यावी, तळाला भोकं हवीतच. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण पुरे. बी आधी ट्रेमध्ये किंवा पसरट भांड्यात, अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल न जाऊ देता पेरावं. मेच्या उष्म्यात ते आठ-दहा दिवसांत उगवतं. पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर झालं की संध्याकाळच्या वेळी मोठ्या कुंडीत हलवावं. वाण निवडताना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ घरासाठी चांगली, तिला मिरच्या घोसानं लागतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा ज्वाला’ लांबट, सुरकुतलेली आणि तिखट. हौशी मंडळी ईशान्येकडची भूत जोलोकिया लावतात. तिखटपणाच्या स्कोव्हिल मोजणीत ती दहा लाखांच्या वर गेली आणि २००७ मध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस बुकात नोंदली गेली. तिला मागं टाकणाऱ्या मिरच्या नंतर निघाल्या. तिचं बी उगवायलाच तीन-चार आठवडे घेतं आणि फळालाही वेळ लावतं. लावायची तर धीर धरून लावा.

जून-जुलैत पाऊस धरतो. सिंहगडाकडून ढग उतरले की आमच्याकडे दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही. या काळात मिरची मरते ती बहुधा पाण्यानं. कोवळं रोप मातीलगत काळं पडतं आणि कोलमडतं. त्यावर इलाज नाही, प्रतिबंध आहे. कुंडी विटांवर उचलून ठेवा, खालची ताटली काढून टाका, सतत पाऊस असेल तर पत्र्याखाली किंवा बाल्कनीच्या आतल्या बाजूला घ्या. पावसाळ्यात खत द्यायचा मोह होतो, तो आवरावा. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, फूल येत नाही आणि त्या कोवळ्या पानांवर किडी तुटून पडतात.

पाऊस ओसरला की मिरचीचे खरे दिवस येतात. सप्टेंबरच्या अखेरपासून डिसेंबरपर्यंत ऊन स्वच्छ असतं, रात्री सुखद असतात. फुलं धरतात. फुलापासून हिरवी मिरची तयार व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, ती लाल व्हायला आणखी दोन-तीन. हिरवी वेळेवर तोडत गेलात तर झाड नवी फुलं देत राहतं. लाल होऊ दिलीत तर झाडाला वाटतं आपलं काम झालं, आता बी तयार आहे. मग ते हात आखडतं. म्हणून एकाच झाडाकडून हिरवी आणि लाल दोन्ही मागू नयेत. दोन झाडं लावावीत, एक ठेच्यासाठी आणि एक तिखटासाठी.

डिसेंबर-जानेवारीत धरणाच्या बाजूनं पहाटे गारवा येतो. रात्रीचं तापमान पंधरा अंशांच्या खाली गेलं की फुलं गळू लागतात. घाबरून खतपाणी वाढवण्यात अर्थ नसतो. झाड विश्रांती घेत असतं, त्याला घेऊ द्यावी. पाणी कमी करावं, कुंडी दुपारचं ऊन मिळेल अशा भिंतीशी सरकवावी. थंडी सरताना, जानेवारीच्या शेवटाला, रोगट आणि वाळक्या फांद्या काढून उरलेलं झाड तिसऱ्या हिश्श्यानं छाटावं आणि वरची दोन बोटं माती बदलून शेणखत घालावं. तीन-चार आठवड्यांत नवी फूट येते. त्याच झाडाचा दुसरा जन्म म्हणा हवं तर.

एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीच्या वर गेला की पुन्हा फूलगळ होते. दुपारी बारा ते चार जुनी ओढणी किंवा हिरवी जाळी वर बांधावी, मातीवर पालापाचोळा पसरावा. पाण्याचं काय, असं विचाराल. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आमच्या बाजूला समजावून सांगावी लागत नाही. मिरचीला तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. मातीत बोट पेरभर खुपसून पाहावं, कोरडं लागलं तरच पाणी घालावं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, ती स्थिती मिरचीला सर्वांत मानवते.

आता त्या गोळा झालेल्या पानांकडे येऊ. याला कोणी चुरडा-मुरडा म्हणतं, कोणी बोकड्या. हा एक रोग नव्हे, तीन वेगवेगळ्या गोष्टींचं दिसणं थोडंफार सारखं आहे, आणि म्हणूनच ‘कुठलं औषध’ हा प्रश्न आधी विचारायचा नसतो. आधी पान उलटं करून पाहायचं. भिंग असेल तर उत्तम. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे, ते कोरड्या, उष्ण हवेत वाढतात. कडा खाली वळल्या असतील, पान लांबट आणि राठ झालं असेल तर कोळी. डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे हे जीव दमट हवेत फोफावतात. आणि पानं बारीक, पिवळट, घट्ट चुरगळलेली, झाडाची वाढ खुंटलेली, जवळ हात नेला की पांढऱ्या माश्या उडतात, असं असेल तर तो विषाणू. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते.

पहिल्या दोन्हींत शेंड्याची बिघडलेली पानं खुडून टाकावीत आणि झाडाला, विशेषतः पानांच्या खालून, पाण्याचा जोरदार फवारा द्यावा. फुलकिड्यांसाठी पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावा, गाळून त्यात चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी फवारावा. आठवड्याच्या अंतरानं दोन-तीन वेळा करावं. कोळी असतील तर पाण्यात मिसळणारं गंधक मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणात आणि कडक उन्हाची वेळ टाळून वापरावं. विषाणूवर मात्र औषध नाही. झाड मुळासकट उपटून पिशवीत बंद करून टाकावं लागतं. हे जिवावर येतं, विशेषतः त्यावर चार मिरच्या लटकत असतील तर. पण ते एक झाड वाचवण्याच्या नादात बाकीची सगळी जातात.

दुकानातल्या जहाल कीटकनाशकाची बाटली घराच्या मिरचीवर रिकामी करू नये, हे मी आग्रहानं सांगतो. प्रत्येक औषधाला फवारणी आणि तोडणी यांमध्ये ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. शेतकरी तोडा पुढे ढकलू शकतो. आपण आज फवारतो आणि उद्या सकाळी पोह्यांसाठी त्याच झाडाच्या दोन मिरच्या तोडतो. शिवाय ठेच्यात ती मिरची जवळजवळ कच्चीच जाते. बाजारातल्या मिरचीवर काय मारलं असेल या काळजीनं घरी झाड लावायचं आणि तेच विष स्वतःच्या हातानं घालायचं, यात काय साधलं?

मिरची तिखट का असते, हेही सांगायला हवं, कारण त्यावर तिची निगा अवलंबून आहे. तिखटपणा येतो कॅप्सेसिन या द्रव्यामुळे. ते बियांत तयार होत नाही. ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात, त्या शिरेत होतं. कमी तिखट हवी असेल तर ती शीर काढा. सस्तन प्राण्यांच्या तोंडात उष्णतेची जाणीव करून देणारं एक संवेदक असतं, कॅप्सेसिन तेच चेतवतं. म्हणून मिरचीनं तोंड ‘भाजतं’. हे संवेदक शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. पक्ष्यांना मात्र ही आग जाणवत नाही. उंदरासारखे प्राणी मिरचीची बी चावून नष्ट करतात, पक्षी ती अख्खी गिळून दूर नेऊन टाकतात. झाडानं आपले पाहुणे निवडले आहेत. उर्दू शायरीतला बुलबुल गुलाबावर जीव टाकतो, आमच्या गच्चीवरचा लालबुड्या बुलबुल लाल मिरचीवर. बोलिव्हियातल्या रानमिरच्यांवरच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असंही दिसलं, की किडीनं फळाला भोक पाडलं की आत शिरणाऱ्या बुरशीला हेच द्रव्य रोखतं.

म्हणजे तिखटपणा हे झाडाचं संरक्षण आहे. म्हणूनच भरपूर पाणी आणि खत पाजलेलं झाड मिरच्या देईल, पण त्या बऱ्याचदा मिळमिळीत निघतील. फळं धरल्यावर पाण्याचा थोडा ताण दिला, म्हणजे दुपारी पानं किंचित मलूल होऊ दिली आणि संध्याकाळी पाणी घातलं, तर तिखटपणा वाढतो. ताण थोडाच. झाड पार वाळवून तिखट मिरची मिळत नाही, फक्त सरपण मिळतं. आणि तोंड भाजलंच तर पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावं. हातांची आग होत असेल तर आधी तेल चोळून मग साबण लावावा.

शेवटी बियाण्याचं. जे झाड निरोगी राहिलं, भरपूर फळलं, त्याच्या दोन-तीन मिरच्या पूर्ण लाल होऊ द्या. सावलीत वाळवून बी काढा, कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर वाण नि तारीख लिहा. संकरित बियाण्याच्या झाडाचं बी धरू नका, पुढची पिढी तशी निघत नाही. जवळच ढोबळी मिरची लावली असेल तर मधमाश्या परागकण इकडचे तिकडे करतात, तेव्हा बियाण्यासाठीच्या फांदीवर फुलं उमलण्याआधी मलमलीची पिशवी बांधा आणि फळ धरलं की सोडा. एका मिरचीत कितीतरी बिया असतात, आपल्याला लागतात पाच-दहा. उरलेल्या शेजाऱ्यांना द्या, पण देताना पानं उलटी करून पाहायलाही शिकवा.