एक टोपली माती : शोक, वारसा आणि कुटुंबकथेचे बीज

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांची मातृभाषा मराठी. रायपूर येथेच त्यांचे निधन झाले. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले व त्यात १९०१ मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध केली. तिची चर्चा प्रामुख्याने ‘हिंदीतील पहिली कथा कोणती’ या वादाच्या अनुषंगाने होत आली. तथापि, अनेक पिढ्यांच्या कुटुंबकादंबरीत जे आशयसूत्र शेकडो पृष्ठे व्यापते, ते या अल्पाक्षरी कथेत बीजरूपाने आढळते.

महालाचे आवार वाढवू पाहणारा जमीनदार न्यायालयाच्या साहाय्याने एका विधवेची झोपडी बळकावतो. तिचा पती व एकुलता मुलगा याच झोपडीत निवर्तले; सूनही पाच वर्षांची मुलगी मागे ठेवून गेली. घर सुटताच नात अन्न वर्ज्य करते. तिच्यासाठी चूल घालावी म्हणून म्हातारी झोपडीतली टोपलीभर माती मागून घेते. टोपलीला हात लावण्यास तयार झालेल्या जमीनदाराला ती उचलत नाही. मग साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार, या म्हातारीच्या प्रश्नाने तो वरमतो आणि झोपडी परत करतो.

जमीनदाराच्या लेखी झोपडी म्हणजे केवळ जागा. म्हातारीच्या लेखी ती मृतांची स्मृती. आजी आणि नात यांच्यामधली पिढीच नाहीशी झाली आहे. तो दुवा माती सांधते. शोकाचे शमन येथे विस्मरणाने होत नाही. त्याच मातीची चूल पेटण्याच्या आशेने होते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीत वडिलांच्या मृत्यूच्या निमित्ताने मोरगावी परतणाऱ्या खंडेरावावर वारशाचे ओझे येते. तेथे ते वारसदाराला जाचते; सप्रे यांच्या कथेत मात्र ते अपहर्त्याला पेलवत नाही. तिची मर्यादाही येथेच दिसते : न्यायालयाने हिरावलेले घर न्यायाने नव्हे, तर हृदयपरिवर्तनाने परत मिळते.

‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या सप्रे यांनी स्वतःची कथाही हिंदीतच लिहिली. छत्तीसगडमधील मराठी कुटुंबांचा वाङ्मयीन वारसा शोधताना म्हणूनच केवळ मराठी ग्रंथांवर थांबून चालणार नाही; त्यातील काही माती शेजारभाषेच्या टोपलीत आहे.