दोन प्रश्न आणि चौदा शेंगा

इंग्रजी अमदानीत खानेसुमारीचा शिरस्ता पडला तेव्हा माणसांची, जातींची आणि धंद्यांची मोजदाद करता करता सरकारने आणखी एक रकाना आखला होता. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या दर खानेसुमारीत आंधळे, मुके-बहिरे, महारोगी आणि वेडे यांची स्वतंत्र शिरगणती होत असे. घरच्या कर्त्याने जे सांगावे ते गणतीदाराने कागदावर चढवावे, असा तो प्रकार होता. ज्याच्याविषयी ती नोंद, त्याला स्वतःला काही विचारण्याची पाळी क्वचितच येई. वेड आणि महारोग या दोन्ही गोष्टी घराण्याची अब्रू जाईल या भीतीने लपविल्या जात, त्यामुळे या आकड्यांवर खुद्द खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांचाही पुरता भरवसा नव्हता, आणि १९३१ नंतर तो रकाना वगळण्यात आला. परंतु त्याची खरी उणीव संख्येची नव्हती. वेडा आणि शहाणा या दोन टोकांच्या मध्ये जो अफाट प्रदेश पसरलेला आहे, जेथे माणूस कामाला जातो, जेवतो, चारचौघांत बोलतो, आणि तरीही ज्याचा जीव महिनोन् महिने कशातच रमत नाही, त्या प्रदेशाची दखल घेण्याची सोयच त्या दप्तरात नव्हती.

आज ती सोय झाली आहे, आणि ती किती लहानशी आहे हे गडहिंग्लज तालुक्यातील हिरण्यकेशीकाठच्या एका गावात मी जवळून पाहिले. गावोगावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाचा एक फॉर्म भरतात. त्याला सगळे ‘सीबॅक’ म्हणतात. वय, कमरेचा घेर, तंबाखू, दारू, घरातील मधुमेह-रक्तदाब ही चौकशी पहिल्या भागात; खोकला, गाठ, न भरणारी जखम, अंधूक दिसणे ही लक्षणे दुसऱ्यात; चूल कशावर पेटते आणि धुराचा त्रास किती हे तिसऱ्यात; आणि अगदी शेवटी, चौथ्या भागात, मनाविषयी दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असे किती वेळा झाले, हा पहिला. उदास, खिन्न किंवा निराश किती वेळा वाटले, हा दुसरा. मुळीच नाही म्हटल्यास शून्य, काही दिवस म्हटल्यास एक, निम्म्याहून अधिक दिवस म्हटल्यास दोन, जवळजवळ रोज म्हटल्यास तीन. बेरीज सहाच्या वर जाऊ शकत नाही. एका गावाच्या मनःस्वास्थ्याचा सरकारी दाखला म्हणजे अशा बेरजांची थप्पी होय.

ते दिवस भुईमुगाच्या काढणीचे होते. अशा कामाला हंगाम पाहावा लागतो, ही गोष्ट शहरात बसून पाहणीचे वेळापत्रक आखणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. रोपलागणीच्या दिवसांत बाईमाणूस घरी सापडत नाही, आणि उसाचे गाळप सुरू झाले की पहाटेपासून रात्रीपर्यंत घराला घरपण राहत नाही. शेंगा तोडायला मात्र वेल अंगणात येतात, बायका फेर धरून बसतात, आणि हात चालू असताना तोंडालाही सवड असते. या गावच्या आशाताईंनी हे हेरून ठेवले होते. त्या त्याच गावची सून. नियमाप्रमाणे आशा त्याच गावची रहिवासी असावी लागते, आणि साधारण हजार वस्तीमागे एक अशी नेमणूक असते. नात्याने कोणी त्यांची जाऊ, कोणी चुलतसासू, कोणी नणंद. प्रत्येक उंबऱ्यात त्या आधी नातेवाईक म्हणून शिरतात आणि मग सरकारी माणूस म्हणून बसतात.

पहिल्या घरी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सोप्यात बसल्या होत्या. त्यांचे पती मुंबईच्या गिरणीत होते. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातून किती पिढ्या त्या गिरण्यांत गेल्या आणि १९८२ च्या संपानंतर किती घरे अर्ध्यावर परत आली, हे इकडे कोणाला सांगावे लागत नाही. आता मुलगा पुण्याला. आशाताईंनी टेपने कंबर मोजली, मिसरीचे विचारले, चुलीचे विचारले, डोळ्यांचे विचारले. डाव्या डोळ्याने धुके दिसते, उजव्याने थोडे बरे, असे उत्तर आले. त्याची खूण झाली. मग चहा आला, आणि तो पिऊन होईपर्यंत त्यांनी पेन खाली ठेवले. चौथा भाग छापील शब्दांत वाचून दाखविला असता तर काय झाले असते याचा अंदाज मला लगेच आला, कारण नुसते “मामी, मन कसं हाय?” म्हणताच आजी उसळून म्हणाल्या, “मला काय धाड भरलीया?”

यानंतर आशाताईंनी जे केले ते कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नसावे. ढिगातून चौदा शेंगा मोजून त्यांनी आजींच्या समोर सुपात ठेवल्या. “मामी, ह्यो एकेक दीस. गेल्या दोन बाजारांमागचं सांगा. ज्या दिवशी कशातच जीव रमला न्हाई, तेवढ्या शेंगा बाजूला सारा.” दोन आठवडे हे माप गावात कोणी वापरीत नाही; दोन बाजार मात्र सर्वांना ठाऊक असतात, कारण त्या दिवशी काय विकले आणि काय आणले हे नीट स्मरणात असते. आजींनी आधी दोन शेंगा चाचपून बाजूला केल्या आणि हात आवरता घेतला. आशाताई काही बोलल्या नाहीत. मग तिसरी सरकली, चौथी सरकली, आणि असे करता करता नऊ शेंगा सुपाच्या कडेला गेल्या. दुसऱ्या प्रश्नाला पाच. निम्म्याहून अधिक दिवसांचे दोन आणि काही दिवसांचा एक, अशी बेरीज तीन झाली.

“कवापासनं गं मामी?” या प्रश्नाचे उत्तर फॉर्मात लिहायला जागा नाही, पण ते आले. दृष्टी अधू झाल्यापासून रात्रीच्या भजनाला जाता येत नाही. वाटेत दोनदा पाय चुकला, तेव्हापासून सुनेने बंदी घातली. शेंगा तोडायला बसावे तर पाला कोणता आणि शेंग कोणती हे कळत नाही, दुसऱ्या बायका हसतात, म्हणून उठून आत यावे. सूप आत आणून एकटीने चाचपत बसावे, एवढेच उरले होते. डोळा दुसऱ्या भागात आणि खिन्नता चौथ्या भागात, अशी त्यांच्या एकाच दुःखाची त्या कागदावर फाळणी झाली होती, आणि ती दोन टोके जोडणारे त्या साऱ्या यंत्रणेत फक्त आशाताईंचे डोके होते. त्यांनी आपल्या वहीत वेगळे टिपले : मोतीबिंदू, उपजिल्हा रुग्णालय, सोबत मी.

शेजारच्या घरी तिशी उलटलेल्या सूनबाईंचा फॉर्म भरायचा होता. सासूबाई दारात उभ्या. दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच आले, “काय न्हाई, बरं हाय की,” आणि दोन शून्ये पडली. निघताना गोठ्याशी त्या बाईंनी हलकेच सांगितले की कंबर धरते, हातपाय गळून जातात, अंगावरून पांढरे जाते, गोळ्या घेऊनही उतार पडत नाही. आशाताईंनी ती दोन शून्ये खोडली नाहीत, परंतु त्यांवर विश्वासही ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी बाळाचे वजन करायचे आहे असे निमित्त काढून त्या एकट्याच परत गेल्या. तेथे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. “ह्या घरचं त्या घरी न्हेलं की माझं काम संपलं,” एवढेच त्या म्हणाल्या. गावची सून असणे हे त्यांचे बळ आहे आणि तोच त्यांचा धोकाही आहे. परक्याला लोक आदराने खोटे सांगतात, आपल्या माणसाला भीतीने, आणि ही भीती केवळ वर्षानुवर्षांच्या मौनाने फिटते.

शरीराच्या तक्रारीतून मनाची व्यथा बोलते, हा आशाताईंचा अनुभव घाटाखालच्या गोव्यात शास्त्रीय कसोटीवर उतरलेला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक आणि सामाजिक ताणाशी अधिक दृढ असल्याचे आढळले. आणि मनाच्या विकारांची मुळे शोधली असता आर्थिक ओढ, पतीकडून होणारा अत्याचार, घरात स्वतःचा शब्द नसणे आणि माहेर-सासरचा आधार तुटणे ही कारणे पुढे आली. गोठ्याशी ऐकलेल्या त्या चार वाक्यांना गोळी का लागू पडत नव्हती, याचा उलगडा त्या निष्कर्षांत आहे.

बायकांच्या मानाने पुरुषांचे फॉर्म भरणे अधिक कठीण. ते घरी नसतात, असले तर उभ्याउभ्या उत्तरे देतात, आणि दारूविषयीचा रकाना बहुधा त्यांच्या बायकाच डोळ्यांनी खुणावून भरतात.

मनाचे दुःख समाजाच्या रचनेतून उपजते, हे गडहिंग्लजला नव्याने शिकविण्याची गरज नाही. खुद्द गडहिंग्लजमध्ये १९७५ साली महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने देवदासींची परिषद भरली होती. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली, केसांत जट दिसली म्हणून देवीचे बोलावणे आले असे ठरविलेल्या बायका, या सीमाभागात घरोघर होत्या. त्यांच्या डोकेदुखीला, निद्रानाशाला आणि एकाकीपणाला त्या काळी कोणी मानसिक आरोग्य हे नाव दिले नव्हते, पण त्यावर उपाय म्हणून कार्यकर्त्यांनी मागितल्या त्या गोष्टी अगदी ठोस होत्या : लग्न, मुलांची शाळा, निवृत्तिवेतन, कायदा. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा अधिनियम व्हायला २००५ साल उजाडले. मनाच्या आरोग्याची पाहणी म्हणजे माणसाच्या डोक्यात डोकावणे नव्हे, त्याच्या घराची, पोटाची आणि अब्रूची चौकशी करणे होय, हा धडा त्या परिषदेने घालून दिला होता. आजच्या चौथ्या भागात कर्जाचा प्रश्न नाही, मारहाणीचा नाही, एकटेपणाचा नाही. हे मला फार खटकते.

तरीही त्या दोन प्रश्नांना मी क्षुल्लक मानत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. बारा राज्यांतील सुमारे पस्तीस हजार प्रौढांच्या मुलाखती झाल्या, आणि सामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत असे निष्पन्न झाले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या खेड्यांविषयी जे थोडे खात्रीने सांगता येते त्यात विदर्भातील ‘विश्राम’ प्रकल्पाचे स्थान मोठे आहे. तेथे अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांत गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठविले, आणि खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.  दारात येऊन विचारणारे माणूस तेथे नव्याने आले होते.

म्हणूनच आजींच्या त्या ‘तीन’ आकड्याकडे परत यावेसे वाटते. फॉर्मावरील सूचना अशी की बेरीज तीनपेक्षा अधिक झाली तर त्या माणसाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे पाठवावे. बरोबर तीन झाली तर पाठविण्याचे कारण नाही. चौदांतले नऊ दिवस जीव न रमलेली ती बाई आणि ठणठणीत शून्यवाली बाई दप्तरात एकाच बाजूला पडतात. ज्या संशोधकांनी हे दोन प्रश्न तयार करून तपासले त्यांनी मात्र २००३ साली पुढच्या तपासणीसाठी तीन हीच सीमा सुचविली होती. एका अंकाचा हा फरक गावागणिक किती उंबरे वगळत असेल याचा विचार आरोग्य खात्याने गांभीर्याने करावा. जास्त माणसे येतील आणि केंद्रावर ताण पडेल ही अडचण खरी आहे, पण ती केंद्राची अडचण. तिचा भार सुपातल्या शेंगांवर टाकणे न्याय्य नाही.

दुसरी मागणी मोबदल्याची. आशाताईंना या कामाचे पैसे भरलेल्या फॉर्मांच्या हिशेबाने मिळतात. चौदा शेंगा मोजून देणारी आशा आणि उभ्याउभ्या दोन शून्ये लिहून पुढच्या घरी जाणारी आशा यांना सारखेच पैसे, आणि पहिलीचा दिवस मात्र दुप्पट जातो. दुसऱ्या दिवशी बाळाच्या वजनाचे निमित्त काढून मारलेली ती फेरी तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. सरकारला गावाच्या मनाचा खरा हिशेब हवा असेल तर त्याने फॉर्मांची संख्या मोजणे थांबवावे, सीमा तीनवर आणावी, आणि त्या दुसऱ्या फेरीचे पैसे आशाताईंना द्यावेत. वाचकांपैकी ज्यांच्या दारी ही बाई वही घेऊन येईल त्यांनी तिला बसायला सांगावे आणि थोडा वेळ बाजूला व्हावे, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलता येईल. आणि जिला कोणाशीच बोलता येत नाही तिच्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.