पाहुण्यारावळ्यांच्या पलीकडे

नगर जिल्ह्यात नोकरी गेली की पहिला फोन पाहुण्यांना जातो. मामाला, मेहुण्याला, मुंबईतल्या चुलतभावाला. ‘कुठंतरी चिकटवा,’ एवढंच मागणं असतं. त्यात वावगं काही नाही. आता अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या बळावरच कामाला बाहेर पडली.

पारनेर, संगमनेरकडच्या कोरडवाहू गावांतला माणूस मुंबईला गेला की गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीवर उतरायचा. एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, जेवायचं खानावळीत. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगारांची गर्दी व्हायची. गैरहजर कामगाराच्या जागी कुणाला घ्यायचं, हे बराच काळ जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादमच, ठरवायचा आणि आपल्या गावचा, आपल्या नात्यातला माणूस त्याला आधी दिसायचा. पण 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि या व्यवस्थेची कमजोर बाजू उघडी पडली. ज्याला शब्द टाकायचा तोही गिरणीतलाच, तोही घरी बसलेला.

पाथर्डी, शेवगावकडे ओळखीचं दुसरं रूप दिसतं. ऊसतोडीचं काम मुकादम देतो, पण आधी उचल देतो. नवरा-बायकोच्या जोडीचा हिशेब ‘एक कोयता’ म्हणून होतो आणि हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसेल, तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमामागे जावं लागतं. काम मिळवून देणारा माणूस एकच असला की तोच मालक होऊन बसतो.

मग नवं काम नेमकं कुणाकडून कळतं? अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या माणसांना हेच विचारलं. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातले आकडे बोलके आहेत. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 16.7 टक्के लोकांची नोकरीची खबर देणाऱ्या माणसाशी वरचेवर गाठ पडत होती. 55.6 टक्के अधूनमधून भेटत होते आणि 27.8 टक्क्यांची भेट क्वचितच होई. कारण सरळ आहे. घरच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. जुना सहकारी वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या माणसांत वावरतो. 2022 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या, लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी वापरकर्त्यांवरच्या अभ्यासातही नोकरी बदलायला मध्यम विरळ ओळखीच जास्त उपयोगी पडल्या.

याहून जवळचा दाखला दादरचा आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी तिथल्या शाळांत शिकलेल्या मुलांच्या सुमारे 4,900 कुटुंबांची पाहणी केली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं ते असं: कामगार जातींतल्या मुलांना जातीच्या ओळखीनं बापाचंच काम मिळण्याची खात्री होती, म्हणून ती मराठी माध्यमात आणि पुढे त्याच कामात राहिली. मुलींसाठी अशी ओळख कधी नव्हतीच. 1990 नंतर नव्या नोकऱ्या आल्या, तेव्हा त्या झपाट्यानं इंग्रजी माध्यमाकडे वळल्या.

म्हणून पाहुण्यांना फोन जरूर करावा, पण यादी तिथं संपवू नये. आयटीआयचा वर्गमित्र, अप्रेंटिसशिप केली तिथला सुपरवायझर, जुन्या पाळीतला फिटर, माल घेऊन येणारा वाहतूकवाला, सुट्या भागांचा पुरवठादार. सुपा किंवा नागापूर एमआयडीसीतल्या कुठल्या कारखान्यात नवं मशीन बसतंय, हे यांच्या कानावर जाहिरातीच्या आधी येतं.

त्यांच्याशी बोलायचं कसं, यालाही महत्त्व आहे. ‘काही असेल तर बघा’ हा निरोप ऐकणारा माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो. त्याऐवजी लिहावं: ‘टर्नर आहे, सीएनसीवर चार वर्षं काम केलंय, ड्रॉइंग वाचता येतं, सुपा किंवा रांजणगाव चालेल, पंधरा दिवसांत येऊ शकतो.’ असा निरोप जसाच्या तसा पुढे जातो. शक्यतो पहिल्याच बोलण्यात नोकरी मागू नये, माहिती विचारावी. भरती कंपनी थेट करते की कंत्राटदारामार्फत? कोणत्या कामाला माणूस मिळत नाही? याची उत्तरं द्यायला कुणाला संकोच वाटत नाही, आणि काम निघालं की विचारणाऱ्याचं नाव त्याला आठवतं. नोकरी हातात असतानाही वर्षातून दोन-तीनदा अशा माणसांची खुशाली विचारावी. गरजेपुरता येणारा फोन ओळखू येतोच.

ओळखीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर तिथंच थांबावं. सरकारच्या महास्वयम संकेतस्थळावरची नोंदणी मोफत आहे. ती करून ठेवावी.

आणि ज्यांना नोकरी आहे, त्यांनाही एक सांगणं आहे. आपल्या खात्यात जागा निघाली की ती फक्त घरच्या ग्रुपवर टाकू नका. शेजारच्या गावच्या आयटीआयला कळवा, तिथं वेल्डिंग किंवा इलेक्ट्रिशियनचं काम शिकणाऱ्या मुलींनाही कळवा. कारखान्यात त्यांचा मामा नसतो.