'सातारा' किती लांब?

श्रोतेहो, आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. 'सातारा' या शब्दाची लांबी किती? शाळकरी मुलगा म्हणेल, ३ अक्षरे. युनिकोडमध्ये काने वेगळे मोजतात, म्हणून ६ चिन्हे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे झाले १८. 'सांगली'चेही तेच: ३, ६, १८. शिवाय सी भाषेत शब्द संपला हे कळावे म्हणून शेवटी एक शून्य-बाइट ठेवतात. तो धरला तर १९.

यातले चूक कोणते? एकही नाही. चूक होते ती दोघे वेगवेगळे मोजतात आणि एकमेकांना सांगत नाहीत तेव्हा. सोमवारी कुणी 'आठ दिवसांनी या' म्हटले की आपण पुढच्या सोमवारीच जातो. दिवस सातच, पण दोन्ही सोमवार धरायचे हा संकेत आपल्या अंगवळणी पडलाय. परक्याला तो कसा कळावा?

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या कारभाराच्या गाभ्यात, असेच आहे. 'स्ट्रलेन' शेवटचे शून्य मोजत नाही, 'स्ट्रएनलेन-यूझर' मोजते. का? तिथे ० हे उत्तर 'वाचताच आले नाही' यासाठी राखून ठेवलंय. मग रिकाम्या शब्दाची लांबी १ सांगावीच लागते. न्याय-वैशेषिक परंपरेत अभाव हा सातवा पदार्थ. इथे तर त्या 'नाही'ला राहायला खरोखरीची जागा लागते! ती विसरून 'सातारा'साठी १८ बाइटच धरले, तर एकोणिसावा शेजाऱ्याच्या घरात पडतो. गाभ्याचा अधिकार सगळ्या स्मृतीवर चालतो, त्यामुळे एवढ्याशा चुकीने यंत्र बंद पडू शकते, चोराला वाटही मिळू शकते. आपला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो, हे लक्षात घ्या.

दुसरी गंमत पाहा. चालू कामाच्या नावासाठी लिनक्समध्ये १६ बाइट असतात, शून्य वजा जाता १५. कामाला 'सातारा' नाव द्या, उरते 'सातार'. 'सांगली'चे होते 'सांगल'. तक्रार कुणीच करत नाही.

मग दुरुस्ती कशी करायची? जुन्या फलनाचा अर्थच बदलावा, असे पटकन वाटते. पण त्या अर्थावर विसंबून लिहिलेल्या असंख्य ओळी एका रात्रीत खोट्या ठरतील. म्हणून दुसरा मार्ग धरला गेला. शब्दाची नक्कल करणारे 'स्ट्रएलसीपीवाय' हे फलन मूळ शब्दाची पूर्ण लांबी सांगत असे. किती उतरले, ते नव्हे. ती लांबी काढायला ते मूळ शब्द शेवटपर्यंत वाचे. शेवटी शून्य नसलेच, तर ते भलतीकडे वाचत सुटे. २०१५ साली 'स्ट्रएससीपीवाय' आले. ते जेवढे उतरले तेवढेच सांगते आणि जागा अपुरी पडली तर सरळ चूक कळवते. पुढे एकेक जुनी जागा तपासून बदलत गेले आणि २०२४ मध्ये, ६.८ या आवृत्तीत, जुने नाव गाभ्यातून काढून टाकले.

नवा अर्थ हवा तर नवे नाव द्यावे, आणि जुने नाव शेवटचा वापरणारा उठल्यावरच पुसावे. शब्द आणि संकेत यांच्याविषयी वर्गात आम्ही वर्षानुवर्षे जे शिकवले, ते इथे लोकांनी हाताने करून दाखवले.

पुढचे व्याख्यान आठ दिवसांनी. नव्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो, सात मोजा.