अर्धवट भरलेले बिल कुठे राहते?

अनसिंगसारख्या गावातही आता जीएसटीचे विवरणपत्र, मालाची ऑर्डर आणि बँकेचे काम संगणकावर किंवा मोबाईलवर होते. वीज मात्र विचारून जात नाही. चाळीस बिलांपैकी पंचवीस भरून झाली आणि पडदा काळा पडला, तर ती पंचवीस कुठे गेली? हा प्रश्न आम्हा कापडवाल्यांचा आहे, तसाच शिंपी, सुतार आणि किराणावाल्या बंधूंचाही आहे.

वेबसाइटचा सर्व्हर मुळात विसराळू. प्रत्येक क्लिक त्याला नवे गिऱ्हाईक वाटते. यावर उपाय म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मोंतुली यांनी ‘कुकी’ काढली. गरज व्यापारातलीच होती. अर्धवट खरेदीची नोंद सर्व्हरवर न ठेवता गिऱ्हाइकाच्याच संगणकावर ठेवायची होती.

कुकी म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हाती दिलेली चिठ्ठी. दर खेपेला ती दाखवली की ओळख पटते. परंतु तिच्यावर साधारण ४ केबी मजकूरच मावतो आणि प्रत्येक फेरीत ती सोबत जाते. मराठी हवी की इंग्रजी, लॉगिनची खूण, एवढ्यापुरती ती ठीक. पंचवीस बिले तिच्यावर लिहिणे म्हणजे रुमालात थान बांधणे.

दुसरी सोय ‘लोकल स्टोरेज’, म्हणजे ब्राउझरमधले कपाट. त्यात साधारण ५ एमबी मावते. ते आपोआप सर्व्हरकडे जात नाही आणि वीज गेली तरी राहते. ‘सेशन स्टोरेज’ मात्र टॅब बंद करताच रिकामे होते. कपाटाचा दोष असा की ते त्याच यंत्रात असते. दुकानात भरलेले घरच्या मोबाईलवर दिसत नाही, आणि कोणी ब्राउझरचा साठा पुसला की सारे गेले. पासवर्ड त्यात कधीच ठेवू नये. त्या पानावर चालणारा कोणताही प्रोग्राम तो वाचू शकतो.

तिसरी जागा सर्व्हरवरील आपले खाते. जीएसटीच्या नव्या नोंदणीत पहिला भाग भरल्यावर टीआरएन हा तात्पुरता क्रमांक मिळतो. जतन केलेला अर्ज त्या क्रमांकावर १५ दिवसांच्या आत दुसऱ्या संगणकावरूनही पुरा करता येतो. पण ‘सेव्ह’ दाबलेले असले पाहिजे.

दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम बनवून घेताना बनवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. अर्धे बिल आपोआप जतन होते का? दुसऱ्या यंत्रावर दिसते का? ब्राउझर पुसला तर परत कुठून मिळेल? आमच्या मते, दिसण्याच्या आवडीनिवडी चिठ्ठीत किंवा कपाटात राहू द्याव्यात. पैशाचा हिशोब सर्व्हरवर ठेवावा.

आणि दुसऱ्याच्या संगणकावर काम केले, तर उठण्यापूर्वी लॉगआउट करावे. नाहीतर आपली चिठ्ठी तिथेच राहते, आणि पुढे बसणारा आपल्याच नावाने आत जातो.