दादाची दुसरी नाडी

आमच्या घरी ताप म्हटला की काढा आणि पाठदुखी म्हटली की शेक. २०२३ च्या आषाढात दादाला दोन्ही एकदम झाले, तेव्हा वहिनींनी दोन्ही उपाय केले, यात त्यांचे काय चुकले? पण पंधरा दिवसांनीही ताप उतरेना. मग स्कॅन काढला, आणि घरात एक नवा शब्द आला : महाधमनीचा फुगा.

हृदयातून निघालेली ही थोरली रक्तवाहिनी पोटात जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असते. दादाची पाच झाली होती. आईनस्टाईन १९५५ साली असाच फुगा फुटून निवर्तले, हे मी वाचले होते. दादाच्या फुग्यात मात्र आणखी एक वैरी दडला होता. रक्ताच्या तपासणीत साल्मोनेला निघाला. विषमज्वराच्या गोतावळ्यातला हा जंतू दूषित अन्नातून पोटात जातो आणि कधीकधी वयाने खडबडीत झालेल्या धमनीच्या भिंतीत घर करतो.

पूर्वी अशा वेळी पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसे. १९९० साली ब्युनॉस आयर्सच्या डॉ. हुआन पारोदी यांनी जांघेतून नळी सरकवून कापडी अस्तराचा स्टेंट आत बसवला. अडुसष्ट वर्षांच्या, मधुमेही दादाला हीच वाट सोसणारी होती.

"फुटण्याचे भय कमी होईल, पण जंतू तिथेच राहू शकतात. औषध चुकवू नका," डॉक्टरांनी बजावले.

काही आठवडे शिरेतून औषध घेऊन दादा घरी आला. आम्ही पेढे वाटले.

इथेच आम्ही फसलो. दसऱ्याला "आता मी ठणठणीत आहे" म्हणून दादाने गोळ्या बंद केल्या, आणि कुणाला सांगितलेही नाही. मार्गशीर्षात पुन्हा बारीक ताप आला. मग शौचाला काळे झाले. त्याने ते लोहाच्या गोळ्यांवर ढकलले. वहिनींनी मात्र तडक रिक्षा बोलावली. ते रक्त होते! जंतूंनी पोखरलेली धमनी आतड्याला जाऊन मिळाली होती. असा पहिला थोडा रक्तस्राव ही केवळ सूचना असते; पुढचा सवड देईलच असे नाही.

शस्त्रक्रिया सात तास चालली. स्टेंट काढला, धमनी बांधली, आतडे शिवले, आणि खांद्यापासून कातडीखालून दोन्ही जांघांपर्यंत नवी नळी नेली.

आज दादा हिंडतो-फिरतो. गोळ्या जन्माच्या सोबती झाल्या आहेत. बरगडीवर हात ठेवला की त्या नळीतली नाडी उडताना लागते. रोज रात्री वहिनी तिथे हात ठेवतात आणि मगच दिवा मालवतात. मी एकदा हसलो, तेव्हा म्हणाल्या,

"भावजी, यांनी सांगायची वाट मी आता पाहत नाही."